आमच्या पिकअपचा दम

इंजिनातलं मला जेवढं कळतं, तेवढं इंजिन बनवणाऱ्यालाही कळत नसेल! हे मी बायकोला रोज ऐकवतो. ती ऐकते आणि रंधा मारत राहते. ती सुतारकाम करते, तिची कपाटं मी पिकअपमधून पोचवतो, असा आमचा संसार.

यंदा तिला टेकडीवरच्या वाचनालयाचं काम मिळालं. म्हणजे मिळायच्या बेतात होतं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या होत्या, "शनिवारी दुपारी आम्ही बंद करायच्या आत नमुन्याचं कपाट आणा. पसंत पडलं तर सगळी कपाटं तुमच्याकडूनच घेऊ." बायकोने जीव ओतून कपाट घडवलं. अडचण एकच, टेकडीचा चढ! आमची पिकअप अलीकडे रिकामी असली तरी चढावर धापा टाकायची.

"भाड्याने दुसरी गाडी बघू का?" बायकोने विचारलं.

"मी असताना?" मी गरजलो. "सुपरचार्जर बसवतो!"

"ते काय असतं?"

"अगं, आपलं इंजिन बिचारं स्वतःच्या नाकाने जमेल तेवढीच हवा ओढतं. सुपरचार्जर म्हणजे पंप! पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनाच्या घशात हवा कोंबतो. मग गाडी पळत नाही, उडते!"

"आधी कपाट उतरवा, मग उडा," ती म्हणाली.

मदतीला मेहुण्याला बोलावलं. त्याला सगळे स्पॅनर म्हणतात, कारण स्वतःच्या लग्नातही त्याच्या खिशात पाना होता. भंगारातून सुपरचार्जर त्यानेच मिळवला. "भाऊजी, माल एक नंबर! याचा पट्टा वेगळा. समजा तुटलाच, तरी बाजूने हवा जायला वाट आहे. इंजिन आधीसारखं चालत राहतं."

"आपण बसवल्यावर तुटेल कशाला?" मी म्हणालो.

मग आम्ही दोघं जवळजवळ गाडीखालीच राहायला गेलो. नळ्या जोडल्या, नट आवळले, पट्टा ताणला. एअर फिल्टरचा डबा तेवढा उघडला नाही. तो स्पॅनरने पाहिला असेल असं मी धरून चाललो, आणि मी पाहिला असेल असं तो. आता एवढी क्षुल्लक गोष्ट कोणी विचारतं का?

गाडी चालू केली, तर असा कर्कश सूर लागला की शेजारचे काका कागदपत्रांची पिशवी घेऊन थेट रस्त्यावर! त्यांच्यामागे अख्खी गल्ली.

"कुठे लागली आग?"

"आग नाही काका, ताकद आहे!"

काका मला जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी निघालो. बायको माझ्या शेजारी, स्पॅनर मागे कपाटाला मिठी मारून. टेकडीच्या पहिल्याच वळणावर "फटाक्!" असा आवाज झाला.

"काय झालं हो?"

"ताकद आली!" मी म्हणालो आणि गाडी जी थांबली, ती थांबलीच!

स्पॅनर उडी मारून चाकांमागे लावायला दगड शोधू लागला. वर वाचनालयाच्या दारात बाई उभ्या होत्या, त्यांच्या हातात कुलूप दिसत होतं. माझ्या हौसेपायी हिच्या हातचं काम जाणार! मी ब्रेकवर पाय रोवून नुसता घामाघूम झालो.

बायको खाली उतरली, बॉनेट उघडलं. "हवा आत जाते कुठून?"

"त्या काळ्या डब्यातून."

"उघडून पाहिला होतात?"

"स्पॅनरने पाहिलाय."

"मी?" मागून आवाज आला. "मला वाटलं, भाऊजींनी!"

बिजागऱ्या बसवायच्या स्क्रूड्रायव्हरने तिने डबा उघडला. आत उंदराचं घर! तिच्या रंध्याचे छिलके, गादीतला कापूस आणि मधोमध माझा मोजा. उंदीर कधीच घर सोडून गेले होते, सामान मात्र सगळं आमचंच. तिने ते पसाभर बाहेर काढलं, फिल्टर झटकला आणि म्हणाली, "करा चालू."

आणि काय सांगू! पिकअपने एक दीर्घ श्वास घेतला आणि सुसाट निघाली! चढावर परत थांबायची माझी हिंमत नव्हती, त्यामुळे स्पॅनर मागेच राहिला.

बाईंनी कुलूप बाजूला ठेवलं. कपाटाची दारं उघडून पाहिली, लावून पाहिली, परत उघडून पाहिली. "पसंत आहे! सगळी तुम्हीच करा." बायको हसली. असं हसताना मी तिला फार दिवसांनी पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच श्रेय घ्यायला पुढे सरसावलो.

"बाई, एवढा चढ ही पिकअप कशी चढली ठाऊक आहे? सुपरचार्जर!" मी दिमाखात बॉनेट उचललं.

तेवढ्यात धापा टाकत स्पॅनर वर आला. गळ्यात हारासारखा पट्टा. "भाऊजी, हा खालच्या वळणावर पडला होता! मग गाडी एवढी सुसाट चढली कशी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं.

"काही नाही," बायको म्हणाली, "तिचं नाक शिंकरलं."

सुपरचार्जर आता बायकोच्या कामाच्या खोलीत मोटरीवर बसवलाय. वाचनालयाच्या कपाटांचा भुसा उडवतो, आणि झकास उडवतो! फक्त त्याचा सूर लागला की शेजारचे काका अजूनही पिशवी घेऊन बाहेर येतात.