रुपेशची सतरा पावलं

रुपेश धनावडे एका जागेवरून दुसऱ्या जागी सरळ चालत गेला, असं मी पाच वर्षांत एकदाही पाहिलं नाही. रुसैलच्या आमच्या गोदामात तो पाइपांच्या दोन रांगांमधून आधी मागे मागे जायचा, तोंडाने आकडे मोजायचा, सतराव्या पावलाला थांबायचा आणि मग जो सुटायचा तो थेट माझ्या टेबलापाशी येऊन उजवा हात गरकन फिरवायचा. हातात चेंडू नसे. डिलिव्हरी नोट असे, आणि ती बहुतेक वेळा माझ्या चहात पडे.

"भाऊ, सतरा बरोबर बसली!" असं वर सांगायचा.

सतरा पावलं म्हणजे त्याचा बॉलिंगचा रनअप. जगातली प्रत्येक जागा तो त्यात मोजत असे. माझ्या अल खौदच्या फ्लॅटचा हॉल अकरा पावलांचा आहे, ही माहिती मला त्याच्याकडूनच मिळाली. "बेडरूमचा दरवाजा उघडा ठेवलात तर बसतील," असंही त्याने माझ्या बायकोला सुचवलं होतं. जेवायला बसला की दोन मिनिटं मांडी घाली, तिसऱ्या मिनिटाला उभा राहून पापड खाई. फोनसुद्धा चालत चालत, स्पीकर लावून, हातात आरशासारखा धरून. त्यामुळे त्याच्या घरचं सगळं गोदामाला ठाऊक असायचं. मी स्वतः बसून काम करणारा माणूस. हे पोर बघूनच मला दम लागायचा.

इथे आखातात कंपन्यांच्या क्रिकेट टीमा असतात. शुक्रवारी सुट्टी, ऊन चढायच्या आत सामना. लीगचे वर्ग इंग्रजी अक्षरांचे, सगळ्यांत वर ए. आमची कंपनी एफमध्ये रखडली होती. गुहागरकडच्या एका वाडीतून एकविसाव्या वर्षी हेल्पर म्हणून आलेल्या रुपेशने तिला ओढत ईमध्ये नेलं, मग डीमध्ये. ए वर्गातल्या टीमा गवताच्या मैदानावर खेळतात, आपल्या खेळाडूंना हलकं काम देतात, आणि देशाच्या टीमची निवड करणारी माणसं बघायला येतात ती तिथेच.

"खलास भाऊ, पुढच्या सीझनला सी. मग बी. मग ए, इन्शाल्ला!"

पण सीझन जात होते. पोरगा सव्वीसचा झाला. जिना उतरताना गुडघ्यावर हात ठेवू लागला. आम्हाला दिसायचं ते त्यालाही दिसत असणारच, म्हणून तर त्याचे पाय थांबत नव्हते.

आमचं खरं भांडण खडूवरून. पाइपांवर खुणा करायचा पिवळा खडू माझ्या ताब्यात असतो. हा खडू सहजासहजी पुसला जात नाही. रुपेश तो पळवायचा आणि गोदामभर खुणा करायचा. शेवटी मी ड्रॉवरला कुलूप लावलं. तर बहाद्दर सुट्टीवर गावी जाताना दोन खडू मागायला आला.

"गावाला खडू मिळत नाहीत?"

"टिकनारा न्हाय मिळत, भाऊ."

गावीसुद्धा हा अंगणभर रनअप आखत असेल म्हणून मी कपाळाला हात लावला. पण दिले.

मग एके दिवशी ए वर्गातल्या एका टीमकडून निरोप आला. शुक्रवारी ट्रायलला ये, पसंत पडलास तर व्हिसासकट घेऊ. त्यासाठी आमच्या अर्बाबाचं, म्हणजे मालकाचं, सोडचिठ्ठीचं पत्र हवं. मी घाबरतच केबिनमध्ये गेलो.

"ये लडका मेरे गोदाम में चलता बहुत है," अर्बाब म्हणाला. "पाइप कम, चक्कर ज्यादा. यल्ला, जाने दो!"

आणि सही ठोकली.

त्याच शुक्रवारी आमचा शेवटचा सामना होता. हरलो तर डीमधून खाली. रुपेश गुरुवारभर गोदामात येरझाऱ्या घालत होता. "जा बाबा," मी म्हटलं. "पाच वर्षं ओढलंस आम्हाला. आता स्वतःचं बघ."

मी त्याच्याबरोबर ट्रायलला गेलो. हिरवंगार मैदान, आणि त्याने बुटाने ते गवत दोनदा दाबून पाहिलं. सतरा पावलं मोजली, धावत आला, चेंडू टाकला. नो बॉल. दुसरा, नो बॉल. तिसरासुद्धा. त्याचं काय चुकतंय ते मला उशिराच कळलं. आमचं मैदान खडी-मातीचं, सिमेंटच्या पिचवर जुनी, आखूड काथ्याची मॅट. तिची कड बरोबर बॉलिंगच्या रेघेशी येते. रुपेशने आयुष्यात कधी रेघेकडे पाहिलंच नव्हतं. कड बुटाखाली लागली की चेंडू सोडायचा, एवढंच त्याला ठाऊक. गवताला कड कुठली? पाय शोधत शोधत पुढेच जात होता. चौथ्या नो बॉलनंतर त्यांनी "शुक्रिया" म्हणून चेंडू मागून घेतला.

येताना गाडीत फोन आला. आम्ही हरलो होतो. डी गेला, पुन्हा ई.

शनिवारी गोदामात त्याच्याशी कोणी बोललं नाही. तो पाइपांवर बसून होता. हो, बसून. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि सवयीने त्याने स्पीकर लावला.

"काय झाला रे बाबू? मिळाला काय ए?"

"न्हाय गो आये. गवतावर पायच चुकला. न् टीम पन खाली गेली. परत ई."



"ई म्हंजे तीन दातांची फनी ना?"

"व्हय."

"मग ती येती मला. एफ दात पडलेली फनी, ई तीन दातांची, डी पोट सुटलेला. दाराच्या मागं तू काढून ठेवलंस तसंच हाय. तुजा खडू पुसता पुसत न्हाय. पन बाबू, डीच्या मागनं ई कशी आली? मी तर आदी ई न् मग डी शिकले. ह्या तर उलटा झाला."

रुपेश हसला. "व्हय आये. उलटाच झाला."

"मग सरळ कर. सीला जागा ठेवलीय मी दारावर."

माझ्या डोळ्यांसमोर ते दोन खडू आले. मी ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि एक नवा खडू त्याच्या हातात ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, उठला, माझ्या टेबलासमोर फरशीवर एक आडवी रेघ ओढली आणि मोजत मागे जाऊ लागला.

"पायाकडे बघ रे, गाढवा!" मी ओरडलो, आणि चहाचा कप उचलून बाजूला घेतला.