कवडूचा मालक

"आपल्या दहावी 'ब' मध्ये कोणी जन्मो की मरो, पहिलं कार्ड माझंच पडते," असं रत्नदीप थूल छातीवर हात मारून सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. शाळा सुटून पस्तीसेक वर्षं झाली. वर्ग पांगला. कोणी पुण्याला गेलं, कोणी गावातच मातीत राहिलं. केस गेले, दाढा गेल्या. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा वर्ग भरलेला होता, आणि घंटा वाजवणारा शिपाई होता रत्नदीप. वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत नोकरी, सिंदी मेघेत घर, आणि खिशात साऱ्या वर्गाचं सुखदुःख.

आता एक जुलैचं सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. यांच्या वेळी खेड्यातल्या आईबापाला पोराच्या जन्माची तारीख ठाऊक नसायची. पूर आला त्या साली, नाही तर कपाशीच्या वेचणीत, एवढाच पत्ता. गुरुजी कशाला डोकं शिणवतील? त्यांनी नाव घालताना ठोकून दिलं, एक जुलै. असा अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्माला आला. शहरातल्या शहाण्यांना याचं हसू येतं. येऊ द्या. ज्यांच्या जन्माची नोंद करायची गरज कोणाला वाटली नाही, त्यांच्या वाढदिवसाला निदान एक माणूस कार्ड करतो, याचा रत्नदीपला अभिमान होता.

त्याच्या फोनात दोन चौकटी कायम तयार असायच्या. एक वाढदिवसाची, एक श्रद्धांजलीची. दोन्हींना झेंडूची किनार, दोन्हींत मधोमध फोटो, दोन्हींत खाली उजेड. एकीत मेणबत्त्या आणि दुसरीत समई, एवढाच काय तो फरक. आदल्याच दिवशी भूमितीचे प्रभाकरराव सर वारले होते, त्यामुळे समईवाली चौकट वरच होती.

एक जुलैच्या सकाळी रत्नदीप चहाच्या कपाशेजारी बसून एकामागून एक कार्डं सोडत होता. जणू लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढत होता. बायको मेघा म्हणाली, "चष्मा लावा ना. टेबलावर पडून आहे."

"हात बसला आहे माझा," रत्नदीप म्हणाला. आणि शेवटचं कार्ड कवडूचं धाडून, फोन बंद करून, साहेबांच्या बैठकीला गेला.

बैठक संपली दुपारी. फोन उघडला तर ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, मुंग्या निघाव्यात तशी. 'कवडू, तू कायम आठवणीत राहशील.' 'देव चांगल्या माणसांनाच का नेतो?' 'सोन्यासारखा माणूस.' त्याला सोन्यासारखं म्हणणारीनं शाळेत त्याच्या डब्यात मुंगळे सोडले होते.

रत्नदीप कचेरीच्या पायरीवरच बसला. कवडू त्याच्या गावचा, त्याच्या बाकावरचा. परवाच फोनवर बोलला होता. मग दुसरी एक गोष्ट मनात आली, जी त्यानं बायकोलाही सांगितली नसती: आपल्याआधी कार्ड कोणी टाकलं? घाईनं त्यानं लिहिलं, 'मित्रा, विश्वास बसत नाही.' आणि पहिल्या कार्डाचा धनी शोधायला बोटानं वर वर जात राहिला. हात जोडलेले, दिवे, फुलं, पुन्हा हात. सगळ्यात वर झेंडूच्या किनारीत कवडू हसत होता. खाली समई. तिच्याखाली लिहिलं होतं: शोकाकुल, रत्नदीप थूल.

त्यानं कवडूला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कोणी तरी उचलला. मागून एका म्हातारीचं गुणगुणणं येत होतं, अंगाईसारखं.

"कवडू?"

"तू मले मारलं बे, रत्न्या." आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा होता.

"चूक झाली ना यार. आत्ता डिलीट करतो."

"ते राहू दे. तू इकडं ये. माय मले घरात घेऊन नाई राह्यली."

रत्नदीपनं कार्ड पुसलं. पुसल्याची खूण मात्र तिथंच राहिली, आणि खूण दिसली की माणसाला आधी संशय येतो, अक्कल नंतर. भावना नावाची वर्गमैत्रीण लगेच विचारती झाली: काय लपवून राह्यले? अटॅक की साप? कोणी तरी ठामपणे लिहिलं, साप. रत्नदीप मोटारसायकल घेऊन सेलूपर्यंत पोचला तोवर साप कोणता हेही ग्रुपनं ठरवून टाकलं होतं. तो मधे थांबून लिहायचा, कवडू जिवंत आहे. लोक उत्तर द्यायचे, खरंय, आपल्या मनात तो कायम जिवंत आहे.

केळझर मागं पडलं. आभाळ भांड्यावर झाकण बसावं तसं बसलं होतं. वारा नाही, पाऊस नाही. पेरण्या आटोपलेल्या, म्हणून शेतात माणूस नाही. गावात शिरला तर भरदुपारी दारं अर्धी लोटलेली, आणि फटीफटीतून डोळे. एक कुत्रं उठलं, भुंकायला तोंड उघडलं आणि न भुंकताच बसलं.

कवडू आपल्याच अंगणात निंबाखाली बसला होता. पाय चिखलानं भरलेले. डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या हाताची नाडी पाहत होता.

"लागते का?" रत्नदीपनं विचारलं.

"कधी लागते, कधी नाई."

त्याच्यासमोर पत्रावळीवर वरणभात होता. घराच्या आतून आवाज आला, अगदी मायेचा: "जेव, बापू. अन जाय आता. मागं पाहू नको."

ती आनंदाबाई, कवडूची आई. दारात आली, निंबाकडं पाहिलं, आणि तिची नजर कवडूमधून अशी आरपार गेली, की रत्नदीपनं नकळत मागं वळून पाहिलं, तिथं दुसरं कोणी उभं आहे का म्हणून.

झालं होतं असं. कवडूची बायको पोरीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली होती. कवडू पहाटेच शेतात गेला होता, फोन घरी चार्जिंगला लावून. शेजारची काजल काही कामानं आली, फोन वाजला, तिनं कार्ड पाहिलं आणि किंचाळली. म्हातारीनं दोनच प्रश्न विचारले. काय लिहिलं आहे? आणि कोणी धाडलं? काजलनं ते सांगितलं आणि फोन अंगणात टाकून पळाली. म्हातारी रडली नाही. उठली, कणकेचा दिवा केला, वात दक्षिणेकडं करून लावला आणि उंबऱ्याच्या आत पीठ पसरलं. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते त्या पिठावरच्या पावलांवरून कळतं, अशी तिकडं जुन्या लोकांची समजूत.

कवडू शेतातून परतला तेव्हा पिठावर पावलं उमटूनही गेली होती. कोंबडीची.

"तवापासून त्या कोंबडीले बापू म्हणून राह्यली," कवडू म्हणाला. "तिले ज्वारी चारते. अन मले म्हणते, जाय."

"अबे, मग सरळ आत जायचं. पिठावर पाय ठेवला की दिसेल तुझं पाऊल."

कवडूनं आपल्या पायांकडं पाहिलं. "पाय उचलला होता मी," तो म्हणाला. "मंग वाटलं, नाई उमटला तर?"

रत्नदीप चौदा एप्रिलला अंधश्रद्धेवर भाषण देणारा माणूस. भूत म्हटलं की पुरावा मागणारा. पण त्या मुक्या दुपारी, त्या दिव्याकडं बघताना, त्याच्या हातावर काटा आला. त्याला ते खपलं नाही. त्यानं काटा चोळून बसवला.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. सिंदी रेल्वे गावचा कापूसवाला लक्ष्मणराव, याच वर्गातला, मोठा हार घेऊन उतरला. सवयीनं कवडू उठला आणि म्हणाला, "ये लक्ष्मण, बस."

लक्ष्मणरावानं हार निंबाच्या फांदीला अडकवला, निंबाला हात जोडले आणि पाठ न वळवता गाडीत जाऊन बसला. गाडीही त्यानं वळवली नाही. डांबरी सडकेपर्यंत ती तशीच उलटी गेली.

आता हे संपवलंच पाहिजे, असं ठरवून रत्नदीप दारापाशी गेला. आत नाही. उंबऱ्याबाहेर थांबला. लहानपणी तो इथंच थांबायचा. पाय आपसूक त्याच जागी थबकले, आणि हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःचीच चीड आली.

"मावशी, मी रत्नदीप. सायत्राबाईचा नातू. कार्ड माझं चुकलं. वाढदिवसाचं धाडायचं होतं, दुसरंच गेलं. कवडू हा काय बसला आहे."

म्हातारीनं त्याच्याकडं मात्र नीट पाहिलं. "तूच धाडलं ना?"

"हो, पण चष्मा नव्हता."

"मंग झालं. मालकाच्या घरून निरोप आला. मी नाई म्हणणारी कोण?"

रत्नदीपला एकदम सगळं उमगलं.

कवडूच्या आधीची तीन लेकरं गेली होती. चौथा झाला तेव्हा आनंदाबाईनं त्याला सुपात घातलं आणि घरामागच्या वाटेनं एका कवडीला विकलं. यमाला वाटावं, हे पोरगं दुसऱ्याचं. मग परक्याचं लेकरू सांभाळावं तसं ते वाढवलं आणि नाव ठेवलं कवडू. विकत घेणारी होती गावाच्या कडेच्या वस्तीतली दाई सायत्राबाई, रत्नदीपची आजी. बुद्धाचा धम्म घेऊन तिला वर्षं लोटली होती. घरात बाबासाहेबांचा फोटो लागला होता. गावानं मात्र तिला पुन्हा जुन्याच जागेवर उभं केलं. ती गेली, कारण समोर बाळंतीण रडत होती. त्याबद्दल दर पोळ्याला कवडूच्या घरून पुरणपोळी यायची. वरून टाकलेली.

"मावशी, तुमचा तेव्हाचा हिशोब मले माहीत आहे," रत्नदीप म्हणाला. आवाज चढवला नाही, पण धार लपवलीही नाही. "आमच्या दारात यम येणार नाई. त्यालेही आमचा विटाळ होते. असंच समजले ना तुम्ही?"

निंबाखाली कवडूनं मान खाली घातली.

म्हातारी ना चिडली, ना लाजली. "हो," ती म्हणाली. "तसंच समजलो. अन पोरगं जगलं." मग दाराची चौकट धरून सावकाश खाली बसली. "सायत्रा तवा म्हणे, आनंदा, पोरगं माझं झालं तर पाहाले मले समोरच्या दारानं येऊ देजो. मी हो म्हटलं. अन कधी येऊ देलं नाई. वाट पाहून मरून गेली ते. सकाळी काजलनं तुझं नाव घेतलं, तवाच समजलो. सायत्रा आली, अन आपलं घेऊन गेली."

आत कोंबडी क्वक् करून गप्प झाली. दिव्याची वात वारा नसताना हलली.

चौकटी, मेणबत्त्या, समई, चष्मा. सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं. रत्नदीपला दिसत होतं, की ही म्हातारी आज इथून उठली नाही तर पुन्हा उठणारच नाही. आणि कवडूही निंबाखाली हळूहळू खरंच मरेल. मेल्यासारखं वागवलेली माणसं मरतात. हे त्याच्या घराण्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तो निंबाखाली गेला आणि कवडूचं मनगट धरलं. "चाल."

"अबे, पीठ..."

"चाल म्हटलं ना."

उंबऱ्यापाशी त्यानं चपला काढल्या. मग म्हणाला, आत ऐकू जाईल असं आणि मागच्या अर्ध्या दारांनाही ऐकू जाईल असं, "हे माझ्या आजीचं पोरगं आहे. मी आणून राह्यलो. अन समोरच्या दारानं आणून राह्यलो."

आणि दोघंही आत शिरले.

म्हातारीनं दक्षिणेकडचा दिवा उचलला आणि वाकून पिठाजवळ नेला. कवडूच्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही. पावलंच पाहत राहिली. एक पाऊल रत्नदीपचं, सपाट. दुसरं रुंद, चिखलाचं, टाचेत आडवी भेग. त्या भेगेवरून तिनं बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा.

मग तोंड वर करून कवडूच्या पोटरीवर फाडकन चापट मारली. "दिवसभर बाहेर काऊन बसला बे? शेतातून आल्यावर पाय धुवाले कळत नाई?"

कवडू त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

रत्नदीप निघायला लागला, तर म्हातारी दारात आडवी झाली. मालक पहिल्यांदा घरात आला, उपाशी जाणार नाही, म्हणाली. पोरगं परत विकत घ्यायचं का, असं रत्नदीपनं गमतीनं विचारलं. तिनं मान हलवली. तुमच्याकडंच राहू दे, तिथं टिकते. म्हणजे बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, चिखलाच्या पायाचा एक मुलगा रत्नदीपच्या गळ्यात कायमचा पडला.

दिवेलागणीला ताटं आली. पितळेची, मधल्या खोलीत, शेजारी शेजारी. रस्सा असा झणझणीत, की रत्नदीपच्या कानांतून वाफ निघाली. फोन सारखा वाजत होता. भावना विचारत होती, तेरवीचं जेवण कुठं ठेवलं? रत्नदीपनं डाव्या हातानं, चष्म्याशिवाय, लिहून टाकलं: कवडूकडं जेवण चालू आहे.

मग त्याच्या लक्षात आलं की कवडू नुसता भात चिवडतो आहे. रश्शाला हातही लावलेला नाही.

"काऊन बे? माय जिवंत म्हणते ना आता? खा ना."

कवडूनं दाराकडं पाहिलं. पिठावरची कोंबडीची पावलं अजून तशीच होती. कोंबडी मात्र कुठं दिसत नव्हती.

"दिवसभर मायनं बापू म्हणून जिले ज्वारी चारली ना," कवडू हळूच म्हणाला, "तेच आहे हे. मी मलेच कसा खाऊ बे, रत्न्या?"

रत्नदीपनं क्षणभर विचार केला. मग कवडूच्या ताटातली तंगडी उचलून आपल्या ताटात घेतली. शेवटी मालक होता तो.