हेलिकॉप्टर पायलटचा आगाऊ सत्कार

सैन्यात शिरून हेलिकॉप्टर चालवण्याचे मार्ग चार आहेत. बारावीनंतरची एनडीएची परीक्षा, पदवीनंतरच्या दोन परीक्षा आणि एनसीसीतून जाणारी वाट. यांपैकी उत्तम मार्ग कोणता, या विषयावर अकोला जिल्ह्यात हिवरखेडच्या पलीकडे असलेल्या बाभुळखेल गावी, नत्थुजींच्या ओट्यावर तब्बल एक वर्ष विचारविनिमय झाला. नत्थुजींची मुलगी आचल बारावीला गणितात तालुक्यात पहिली आली होती आणि तिला हेलिकॉप्टर चालवायचं होतं. विचारविनिमयाला तेवढं कारण पुरलं. ओट्यावर येणारा प्रत्येक जण जाणकार होता. एकाचा साडू लष्कराच्या कँटीनमध्ये होता, दुसरा पुलगावच्या दारूगोळा डेपोसमोरून दोनदा एसटीने गेला होता. वर्षाअखेरीस सर्वानुमते असं ठरलं की एनडीएच बरी. आचलने पहिल्या दिवशी हेच म्हटलं होतं, पण तेव्हा ते ठरलेलं नव्हतं.

तोवर वय वाढलं. अर्ज भरताना आचलने जन्मतारखेचा हिशेब मांडून पाहिला. एनडीएची एप्रिलमधली ही एकच परीक्षा तिच्या वाट्याला उरली होती. सप्टेंबरच्या परीक्षेला ती एकवीस दिवसांनी मोठी ठरत होती. शिवाय नत्थुजींनी बजावलं होतं की या खेपेला नाही जमलं, तर मुकाट्याने अमरावतीला बी.फार्म, पुन्हा हेलिकॉप्टरचं नाव काढायचं नाही.

तयारीसाठी ती अमरावतीला ललित सरांच्या क्लासला जाऊ लागली. सर सैन्याच्या मुलाखतीला पाच वेळा जाऊन परत आलेले होते, त्यामुळे अनुभव दांडगा. आचलच्या अर्जाची पोचपावती आली त्याच आठवड्यात त्यांनी चौकात वीस फुटी फलक लावला. त्यावर पायलटच्या टोपीखाली आचलचा चेहरा चिकटवला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘हेलिकॉप्टर पायलट कु. आचल हिचे हार्दिक अभिनंदन’. सगळ्यात वर ‘भावी’ हा शब्दही होता, पण तो वाचायला खांबावर चढावं लागलं असतं. आचलने भीत भीत हरकत घेतली. सरांनी तिला समजावलं की आपल्याकडे भावी आमदारांचे फलक लागतात, ते काय निवडून आल्यावर लागतात?

तो फलक चालत्या ऑटोतून शेषरावांनी वाचला. बाभुळखेलच्या सरपंच त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई. सही पंचफुलाबाईंची, बाकी सगळं शेषरावांचं, अशी तिथली कामाची वाटणी होती. शेषराव गावात पोचले आणि दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीने अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला. आचल वडिलांना घेऊन ग्रामसेवकाकडे गेली, म्हणाली, अजून परीक्षाच व्हायची आहे. ग्रामसेवकाने शांतपणे रजिस्टर उघडलं. मंजूर ठराव रद्द करायला पुन्हा बैठक लागते, बैठकीला गणपूर्ती लागते, आणि गावाला मिळालेला मान काढून घ्यायला एकही सदस्य येणार नाही, हे त्याने तिला पटवून दिलं. त्यापेक्षा तुम्हीच पायलट होऊन टाका, ते सोपं जाईल, असंही सुचवलं.

मग सत्कार सुरू झाले. तीन आठवड्यांत अकरा शाली आणि अकरा नारळ. नारळांची चटणी करून आचलची आई मैनाबाई थकल्या. शाळाशाळांतून आचलला ‘मी पायलट कशी झाले’ या विषयावर मार्गदर्शनाला नेऊ लागले. पहिल्या भाषणात तिने खरं सांगून पाहिलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी आभार मानताना तिच्या विनयाचं कौतुक केलं. दुसऱ्या शाळेत तिच्या विनयाचाही सत्कार झाला.

खरी पंचाईत अभ्यासाची होती. एकदा ती ओट्यावर त्रिकोणमिती सोडवताना दिसली आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की सैन्याने तिला काढून टाकलं. शेषराव स्वतः चौकशीला आले.

“झाली ना तू पायलट? मंग कावून वाचून राहिली?” त्यांनी विचारलं. “लोकं ठरावावर शंका घेऊन राहिले ना.”

तेव्हापासून आचल कापसाच्या खोलीत दार लावून, नाकातोंडात तंतू जात असताना अभ्यास करू लागली. ओट्यावर बसून मैनाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की पोरगी झोपली आहे. गाव समजून घेई. पायलट माणसाला आराम लागतो.

परीक्षा रविवारी नागपूरला होती. शनिवारी दुपारी अकोल्याहून गाडी पकडायची, रात्री मावशीकडे मुक्काम, सकाळी परीक्षा, असं तिने ठरवलं होतं. गुरुवारी शेषराव पेढे घेऊन आले. रविवारी मंत्री गावात येणार होते, आचलच्या सत्काराला. दौऱ्याच्या छापील कार्यक्रमात सत्कारमूर्ती म्हणून तिचं नाव होतं आणि दौऱ्यासाठी हिवरखेड ते बाभुळखेल रस्त्याचं डांबरीकरण शुक्रवारीच सुरू होणार होतं. अकरा वर्षं नुसत्या गिट्टीवर पडून असलेला तो रस्ता. मागच्या पावसाळ्यात मनकर्णाबाईच्या सुनेला बाजेवर टाकून त्याच रस्त्याने दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सत्कारमूर्ती नाही तर दौरा नाही, आणि दौरा नाही तर डांबर नाही, इतकं ते सरळ होतं.

आचलने वडिलांकडे पाहिलं. नत्थुजींना पोरीची परीक्षाही दिसत होती आणि ती बाजही.

“परीक्षा दर सहा महिन्यांनी येते बाई,” ते शेवटी म्हणाले. “मंत्री नाई येत.”

“बाबा, माह्यासाठी नाई येत आता परीक्षा,” आचल म्हणाली. एकवीस दिवसांचा हिशेब तिने पुन्हा सांगितला. शेषरावांनी तोही मन लावून ऐकला आणि तिला धीर दिला की झालेल्या पायलटला वयाची अट लागत नाही.

शुक्रवारी रोलर आला. शनिवारी दुपारपर्यंत दीड किलोमीटर रस्ता काळाभोर झाला. अकोल्याहून नागपूरची गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा आचल घराच्या दारात उभी राहून डांबराचा वास घेत होती. दिवस मावळताना निरोप आला की उन्हाचा पारा पाहता साहेब हेलिकॉप्टरने येतील. तासाभरात रोलर वळून गेला. साहेबांचे पाय रस्त्याला लागणार नसतील तर रस्ता कशाला, हे ठेकेदाराचं म्हणणं कोणालाच खोडून काढता आलं नाही. रस्त्याच्या आखणीसाठी आणलेल्या, उरलेल्या चुन्याने शाळेच्या मैदानावर मोठा गोल आखला गेला.

रविवारी सकाळी, नागपूरला परीक्षेचं फाटक बंद झालं त्या वेळी, आचल त्या गोलाबाहेर फेटा बांधून उभी होती. हेलिकॉप्टर उतरलं, धुळीने सगळ्यांचे डोळे भरले, त्यामुळे ती रडते आहे हे कोणाला वेगळं कळलं नाही. मंत्री सात मिनिटं बोलले. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह झालं. मग छायाचित्रकारांना पायलट हेलिकॉप्टरसोबत हवी झाली, म्हणून पोलिसांनी तिला दोरीपलीकडे जाऊ दिलं.

यंत्राच्या सावलीत चाळिशीची एक बाई बाटलीतलं पाणी पीत उभी होती. हेलिकॉप्टर तिनेच आणलं होतं. नाव रश्मी, हवाई दलातून निवृत्त, माहेर धामणगाव रेल्वे. एवढं कळायला तिला विचारावं लागलं, कारण तिचा फलक कुठल्याच चौकात लागलेला नव्हता. तिने आचलच्या गळ्यातल्या हारांकडे पाहून विचारलं, कुठल्या तुकडीत आहेस? आचलने खरं ते सांगितलं. या वेळी तिच्या विनयाचं कौतुक झालं नाही.

“परीक्षा कधी आहे?” रश्मीने विचारलं.

“आज होती.”

रश्मीने बाटलीचं झाकण लावलं. मग ती हळू आवाजात तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, “मी घरी कोनालेच सांगतलं नोतं. मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न हाय म्हनून निंगाली, अन् परीक्षा देऊन आली.”

पाचवा मार्ग हाच होता. नत्थुजींच्या ओट्यावर वर्षभरात तो एकालाही सुचला नव्हता.

आचल आता अमरावतीला बी.फार्म करते. चौकातला फलक अजून आहे. ललित सर म्हणतात, ‘भावी’ लिहिलेलं कधी खोटं पडत नाही. दीड किलोमीटरनंतर रस्ता पुन्हा गिट्टीचा होतो.

हेलिकॉप्टरजवळचा तो फोटो त्याच दिवशी मोबाइलवरच्या सगळ्या गटांत फिरला. खाली आचलने स्वतः एक ओळ लिहिली होती, “आज माझी परीक्षा होती, ती बुडाली.” त्या ओळीखाली त्रेसष्ट जणांनी लिहिलं, हार्दिक अभिनंदन. चौसष्टावे तुम्ही होता.