मिठाचा पांढरा

बाळारामकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आईला नमस्कार केला, शर्टाच्या खिशातून खड्या मिठाची एक छोटी बाटली काढली आणि ती भिंतीला टेकवून, एक डोळा मिटून, पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मग दुसरी भिंत. मग तिसरी. आईने हात जोडले. तिला वाटलं, हे घराची दृष्ट काढताहेत.

"मोहऱ्या पण देऊ का?" तिने अदबीने विचारलं.

"नको," काका म्हणाले. "मोहरीचा रंग मधी येतो."

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत. चार मजल्यांची इमारत, आम्ही तिसऱ्यावर, काका आमच्या बरोब्बर खाली. मला आईच्या खोलीला पांढरा रंग द्यायचा होता, आणि ही गोष्ट मी जिन्यात कुणाशी तरी बोललो, एवढीच माझी चूक. आमच्या इमारतीत पांढरा रंग काकांना विचारल्याशिवाय कुणी देत नसे. विचारायचं नाही असं ठरवलं तरी काका येतच.

त्यांचा अधिकार मोठा होता. तीस वर्षं अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी शेड तपासण्याचं काम केलं होतं. साहेब रंगवलेले दोन पत्रे समोर धरायचा, काका सांगायचे, डावा नापास. त्यामुळे 'पांढरा तो पांढरा' असं माझ्यासारखा माणूस म्हणाला, की त्यांना आपण अडाण्याच्या घरात आल्याचं दुःख होई.

"पांढरा काय एक हाय का?" ते मला समजावत. "बगल्याचा येगला, खोबऱ्याचा येगला, तांदलाच्या धुवनाचा येगला. समोरच्या बिल्डिंगीला भगवा मारलाय, तो दुपारी तुझ्या भिंतीवर येतो. तो धरून हिशोब करायला लागतो."

शिवाय त्यांचा नियम होता की भिंतीला दिवसातून तीनदा बघायचं. सकाळी, टळटळीत दुपारी आणि दिवेलागणीला. तीनही वेळा ते येत, बाटली टेकवत, आणि शेवटी एकच निकाल देत, "यात पिवला हाय."

हे त्यांचं पालुपद होतं. दुकानातल्या शेडकार्डावरचे अकरा पांढरे त्यांनी याच एका वाक्यात निकालात काढले. मी धीर करून म्हटलं, काका, तुमच्या बाटलीतल्या मिठाशी तर हा तिसरा तंतोतंत जुळतोय. काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मीठ जुना झाला रं. पिवला पडला. तो पिवला वजा करून बघायचा."

मग ते मला उल्हासनगरला घेऊन गेले. कॅम्प चारमध्ये त्यांचं ठरलेलं रंगाचं दुकान होतं. काका आत शिरले की सिंधी दुकानदार आधी पंखा त्यांच्याकडे वळवायचा आणि मग कपाळाला हात लावायचा. रंग मिसळायच्या यंत्राजवळ काका उभे राहिले. "एक थेंब निला टाक." त्याने टाकला. काकांनी एक डोळा मिटला. "अजून एक."

"साईं," दुकानदार म्हणाला, "अब एक बूँद और डाला ना, तो ये दीवार नहीं, आसमान हो जाएगा."

"टाक," काका म्हणाले.

आईची खोली तयार झाली. माझी बायको मंजिरी दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. शाळेच्या युनिफॉर्मला कुणीतरी जास्त नीळ घालावी, तशी ती खोली दिसत होती. "निळी आहे," मंजिरी म्हणाली.

"गप्प बस," आई म्हणाली. "त्यांना सांगायचं नाही."

काका आले, बाटली टेकवली, एक डोळा मिटला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आम्हाला खोटं बोलावंच लागलं नाही, आम्ही नुसते हसलो. पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी तीन घरं अशीच झाली. प्रत्येक घर आधीच्यापेक्षा थोडं जास्त निळं. तिन्ही घरांत निळेपणा पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळला होता, आणि कुणीही काकांना काही बोललं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यांचं पार्किंगवरून एकमेकांशी पटत नाही, त्या माणसांची ही एकजूट पाहून मला भरून येई.

एकच घर राहिलं होतं, काकांचं स्वतःचं. निवृत्तीनंतर त्यांनी हा फ्लॅट घेतला, त्याला नऊ वर्षं झाली, आणि हॉलची मोठी भिंत अजून ठरत होती. तिच्यावर तळहाताएवढे पांढऱ्या रंगाचे नमुने ओळीने लावलेले होते आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने महिना, साल. हिराकाकू, म्हणजे त्यांची बायको, पाहुण्यांना सांगत, "आमचे घराला गोवर आलाय. नऊ वर्सं उतरत नाय."

काकूंची पसंती पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. पहिल्या ओळीतला तिसरा, स्विचबोर्डाच्या शेजारचा. "ह्योच बरा," त्या म्हणत. "यात पिवला हाय," काका म्हणत. मग काकू स्वयंपाकघरात जात आणि भांडी जरा आवाज करून ठेवत.

गेल्या वर्षी मात्र काकांचा पिवळा भिंतीबाहेर आला. दूधवाल्याशी त्यांचं भांडण झालं, दूध पिवळं आहे म्हणून. माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट त्यांनी दोन बोटांत धरला आणि मंजिरीला सौम्यपणे साबण बदलायला सांगितलं. काकूंनी यावर वाद घातला नाही. त्यांनी मला रिक्षा आणायला सांगितली आणि काकांना अंबरनाथला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कित्येक वर्षांचा आहे, आणि असा मोतीबिंदू असला की सगळं जग पिवळट दिसतं. आधी उजवा डोळा करू.

काकांनी हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. "दूध पिवलाच व्हता," ते मला हळूच म्हणाले.

इमारतीत मात्र धावपळ उडाली. नवा डोळा घेऊन काका आमच्या भिंती बघणार, आणि आपण चार घरं निळी करून ठेवली हे त्यांना कळणार. तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे पत्रे नापास केले, त्या माणसाचं काय होईल? आमच्या हॉलमध्ये चार कुटुंबांची बैठक झाली आणि ठरलं की सगळ्यांनी ट्यूबलाइट काढून पिवळे बल्ब लावायचे. मंजिरीने पडदेही पिवळे आणले. आमचं घर हळदीच्या दिवशीचं वाटायला लागलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मी आणि काकू समोर होतो. काकांनी आधी डॉक्टरांच्या कोटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग बराच वेळ काकूंकडे. रिक्षात बसल्यावर त्यांनी काळा चष्मा वर केला, खिशातली बाटली काढली आणि डोळ्यांसमोर धरली. उजवा डोळा मिटला. मग तो उघडून डावा मिटला. मग पुन्हा उजवा. अंबरनाथ ते बेलवली हेच चाललं होतं. रिक्षावाला आरशातून त्यांच्याकडे बघत होता.

आमच्या गेटाशी आल्यावर काका म्हणाले, "मीठ पांढराच हाय." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझे आईची खोली?"

मी रिक्षाचे पैसे द्यायला वळलो.

संध्याकाळी ते वर आले. चपला काढल्या, सरळ आईच्या खोलीत गेले, पिवळा बल्ब बंद केला आणि पडदा सारला. दिवस अजून थोडा शिल्लक होता. त्या उजेडात भिंत अगदी आहे तशी दिसली. काका पलंगाच्या कडेवर बसले.

"निली हाय," ते म्हणाले.

"आहे," आई म्हणाली.

"पयल्या दिवसापासून?"

"हो."

"मंग सांगितलास का नाय, बाय?"

आईने चष्मा पुसला. "ही दोघं सकाळी कामाला जातात ती रात्री येतात. घर बघायला तुम्ही दिवसातून तीनदा येत होतात. भिंत चुकली म्हटलं असतं, तर नंतर चहाला तरी आला असतात का?"

काकांनी भिंतीवरून तळहात फिरवला. "परत मारून देतो," ते म्हणाले. आईने सांगितलं, माझ्या खोलीला हात लावायचा नाही, मला सवय झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायला खाली गेलो. काका मोठ्या भिंतीसमोर उभे होते. मला आजवर ती भिंत म्हणजे नुसता पसारा वाटायची. आज त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. पहिल्या ओळीतले नमुने मऊ पांढरे होते, मग सालागणिक एकेक थेंब निळा वाढत गेला होता, आणि शेवटची ओळ सरळ आकाशी होती. नऊ वर्षांत डोळा कसा गेला ते त्यांनी स्वतःच्या हाताने, तारीख घालून लिहून ठेवलं होतं.

"काका, या बाटलीचं काय आहे?" मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज उतरवला. "हिचे बापाचा मिठागर व्हता, उरनला. मी हिला बघायला गेलो तर ही मिठाच्या राशीपाशी उभी. दुपारचा उजेड. तवाच ठरवला, घर घेईन तर भिंती या रंगाच्या. आता तिथं मिठागर नाय, गोदाम झाला. एवढाच मीठ उरलाय."

"काकूंना माहीत आहे?"

"छे. भिंत झाल्यावर सांगनार व्हतो."

मग त्यांनी डावा डोळा मिटला आणि बाटली नमुन्यांना लावत निघाले. शेवटच्या ओळीपासून मागे मागे. बाटली कुठेच थांबेना. थांबली ती स्विचबोर्डाच्या शेजारी, पहिल्या ओळीत, तिसऱ्यावर. काका तिथे इतका वेळ उभे राहिले की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गो," त्यांनी हाक मारली. "जरा ये. तुना कुठला बरा वाटतो?"

नऊ वर्षांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. काकू तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. तशाच पिठाच्या हाताने बाहेर आल्या आणि न शोधता तिसऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो. कवापासून सांगतेय."

"ह्योच का पन?"

काकू थोड्या लाजल्या. "आमचे मिठागराचे राशीसारका हाय म्हनून. तुमाला काय कलला असता?"

काका खुर्चीत बसले आणि खूप दिवसांनी माणूस हसतो तसे हसायला लागले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी चालत नाही, म्हणून काकू घाबरून पदराने टिपत राहिल्या आणि विचारत राहिल्या, काय झाला, काय झाला.

महिनाभर डोळ्याला धूळ चालणार नव्हती, म्हणून रंगकाम महिन्याने झालं. कॅम्प चारच्या दुकानदाराने यंत्रात एकही निळा थेंब पडला नाही हे स्वतः तपासलं आणि डबा हातात देताना काकांच्या पाया पडला. काकांच्या घरी सगळ्या इमारतीचं जेवण झालं. भिंत खरंच छान झाली होती, आणि दुपारच्या उजेडात काकू तिच्यासमोरून उगाचच दोन-तीनदा गेल्या.

तेवढ्यात आई काकांपुढे हात पसरून उभी राहिली. "ती बाटली द्या. इतक्या लोकांचे डोळे पडलेत. दृष्ट काढायलाच हवी."

काकांनी बाटली दिली. आईने त्यातले चार खडे घेतले, घरातल्या मोहऱ्या घेतल्या, काका-काकूंना शेजारी शेजारी उभं करून त्यांच्यावरून तीनदा ओवाळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर टाकलं. मोहऱ्या तडतडल्या, मीठ फुटलं आणि गॅसची निळी ज्योत एकदम हळदीसारखी लख्ख झाली.

काका दारातून वाकून बघत होते. त्यांनी एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग दोन्ही उघडले.

"यात पिवला हाय," ते म्हणाले.

काकूंनी ज्योतीकडे नीट निरखून पाहिलं. "हाय," त्या म्हणाल्या. "आज खराच हाय."