माफी न मागितलेले गजाकाका

भिसेगावात आमच्या शेजारी राहणारे गजाकाका घरातसुद्धा सभेत बोलल्यासारखं बोलतात. बायको, सुलभाकाकी, या त्यांच्या कायमच्या अध्यक्ष. "अध्यक्षबाई, आमटीत मीठ नाय. सभागृहानं दखल घ्यावी." काकी शांतपणे म्हणतात, "घेतली. डबा फळीवर हाय." एकदा मांजरानं दूध सांडलं, तर काकांनी आधी मांजराला बाजू मांडायची संधी दिली.

खालापूरकडच्या एका कारखान्यात ते युनियनचे सेक्रेटरी होते. कंत्राटी कामगारांना कायम करा म्हणून सगळे गेटवर बसले. सरकारनं सभाबंदी लावली, युनियनची नोंदणी रद्द केली आणि काकांना व त्यांच्यासोबत गेटवर बसलेल्या पोशीरच्या किसनला उचललं. काकांना वयामुळे जामीन मिळाला. किसन आतच राहिला. त्याला भेटायचं नाही, ही जामिनाची अट.

मग कुणीतरी उठवलं, की काका माफी लिहून देऊन सुटले. गेटवरची माणसं त्यांना बघून रस्ता ओलांडू लागली. किसनच्या बायकोनं, रखमानं, तोंडावर दार लावलं. काका तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात जात. कुणी बोललं नाही, की घरी येऊन म्हणत, "कोरम नव्हता."

पुढे परदेशातल्या कामगार संघटनांनी या दडपशाहीबद्दल चिंता व्यक्त केली. त्यांची एक बाई दुभाष्या घेऊन काकांकडे आली. अख्खी आळी दारात जमली. काका आता भाषण ठोकणार म्हणून मीही पुढची जागा धरली.

"जगभरच्या कामगारांना तुमची काळजी वाटते," दुभाष्या म्हणाला. "तुमच्यासाठी काय करू, असं विचारतायत."

काकांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "किसनला भेटा. त्याला सांगा, मी माफी मागितली नाय."

बाईंना तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली नाही. पण जामीन वयामुळेच मिळाला, माफीमुळे नाही, याची वकिलाकडून खात्री करून त्या पोशीरला गेल्या आणि रखमाला सगळं सांगितलं.

तुरुंगात किसनला भेटून आल्यावर रखमा काकांच्या दारात आली. आत येईना.

"भावजी, त्यांना सांगितलं मी. मग म्हणाले, पोलिसांनी ढकललं तवा गजादादांचा गुडघा दुखावला व्हता. आता कसा हाय, इचार."

काका उठून आत गेले. मोरीतला नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.