एका सांगाड्याच्या दोन गाड्या

"दोन कंपन्या मिळून गाडीचा सांगाडा एकच करतात," झुंबर चहा बशीत ओतत म्हणाला. "खर्च निम्मा निम्मा. मग इंजिन ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं बसवायचं. मोठमोठ्या स्पोर्ट्स गाड्या अशाच बनत्यात. आपण दोघांनी बनवायला काय हरकत हाय?"

झुंबर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होता. मूळ गाव नगरकडचं, बिऱ्हाड सरावलीच्या चाळीत. जवळच्या दांडी या कोळीवाड्यातला विश्राम होडीची मोडतोड घेऊन त्याच्याकडे यायचा, त्यातून दोस्ती जमली. दोघांना वेडही एकच: जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, बिनछपराची, दोन सीटची गाडी. विश्रामच्या अंगणात, जाळी वाळत घालायच्या जागेवर, दोन गाड्यांच्या कारखान्याचा नारळ फुटला.

पहिला वाद इंजिनावरून झाला. झुंबरला मोटरसायकलचं हवं होतं, हलकं आणि चपळ. विश्रामने अंगणातल्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं. खाली त्याच्या होडीचं जुनं डिझेल इंजिन पडलं होतं.

"हे फुकट हाय."

"अरे, ते होडीचं!"

"इंजिनाला काय ठावं, खाली पानी हाय का रस्ता?"

शिवाय दोन तऱ्हेची इंजिनं म्हणजे सगळा खटाटोप दोनदा. पहिल्या गाडीला हे बसवू, दुसरीला असलंच एखादं भंगारात मिळेल, असं ठरलं. 'फुकट' या शब्दापुढे झुंबरचं काही चाललं नाही.

इंजिन बसवलं आणि सांगाडा खाटेसारखा मध्येच खचला. म्हणून जाड लोखंडी अँगल मारले. अँगलच्या वजनाने स्प्रिंगा बसल्या, म्हणून टेम्पोच्या आणल्या. त्यावर छोटी चाकं शोभेनात, म्हणून ट्रॅक्टरची लावली. इंजिनावर बॉनेट घातलं तर चालवणाऱ्याला समोरचं दिसेना, म्हणून सीट वर घेतल्या. इतक्या वर, की चढायला स्टूल लागायला लागलं.

"हे काय झालं वो?" झुंबरची बायको सुगंधा मोबाइलवरचा फोटो बघून म्हणाली.

"डेव्हलपमेंट."

"म्हंजे?"

"म्हणजे आधी ठरवलं त्यापेक्षा वेगळं झालं."

"चुकलं म्हना की."

"मोठ्या कंपन्यांत त्याला चुकलं म्हणत नाहीत."

सुगंधाने वॉशिंग मशीनसाठी साठवलेले पैसे गिअरबॉक्समध्ये गेले होते. ती मोरीत धुणं आपटायची आणि प्रत्येक दणका झुंबरच्या काळजावर बसायचा. दुसऱ्या गाडीचे पैसे पहिलीतच संपले. आता कंपन्या दोन आणि गाडी एक, अशी गत झाली.

चाचणीला रविवारची ओहोटी धरली. रस्त्यावर पोलिसांनी अडवलं असतं, म्हणून गाडी किनाऱ्यावर आणली. सगळी दांडी जमली. सुगंधाही आली. "वॉशिंग मशीन कसं चालतंय ते बघायला आले," ती म्हणाली.

झुंबर स्टुलावरून चढला. इंजिन डगडगलं, काळा धूर आभाळात गेला आणि गाडी निघाली. पाय पार तळाला टेकवूनही तिचा वेग काही वाढेना. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली बायडी तिला मागे टाकून पुढे गेली आणि वळून म्हणाली, "दादा, मांगशी ढकलू काय?"

किनारा हसून लोटपोट झाला. झुंबरला तोंड कुठे लपवावं कळेना, आणि एवढ्या उंचावर ते लपणारही नव्हतं.

तेवढ्यात ओरडा झाला. दुरुस्तीसाठी वर ओढायला घेतलेली मारुतीकाकांची होडी वाळूत रुतली होती. माणसं दोराला लोंबकळून दमली होती आणि भरती लागायला आली होती; तळ फुटलेला, पाणी चढलं की होडी भरून जाणार होती.

"विश्राम!" मारुतीकाका ओरडले. "ती तुमची काय हाय ती, आन इकडं!"

"स्पोर्ट्स कारला होडी बांधायची?" झुंबरचा आवाज चिरकला.

"तिला आता स्पोर्ट्स कोन बोलतो, भाऊ?" विश्राम हळूच म्हणाला.

झुंबरच्या जिव्हारी लागलं. पण पाणी सरकत वर येत होतं आणि काका कमरेला हात लावून हताश उभे होते. झुंबर खाली उतरला, दोर त्याने स्वतःच्या हाताने बांधला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. दोर ताणला. इंजिनाने खोल, भरदार आवाज काढला आणि होडी वाळूतून सुटून मुकाट मागोमाग चालू लागली. किनाऱ्यावर एकच गलका झाला.

दुपारपर्यंत होड्यांची रांग लागली.

"आमच्या मच्छीमार सोसायटीला अशीच एक बनवून द्या," मारुतीकाका म्हणाले. "काय पडतील ते पैसे देऊ."

झुंबरचे डोळे चमकले. "देतो की! सांगाडा हाच ठेवू, फक्त इंजिन जरा हलकं..."

"इंजिन हेच!" काका आणि विश्राम एकदमच ओरडले.

शेवटची होडी बांधली तेव्हा सुगंधा पुढे आली. कुणी सांगायच्या आत स्टुलावर पाय देऊन वर चढली आणि झुंबरच्या शेजारी ऐसपैस बसली. गाडी निघाली. पोरंसोरं, बायामाणसं गप्पा मारत बरोबरीने चालत होती. समुद्रावरून वारा भन्नाट सुटला होता.

"अवो," सुगंधा पदर धरत म्हणाली, "जरा हळू चालवा की! पदर उडतोय."

झुंबरने मोठ्या रुबाबात ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा वर घेतला.