थांबायची योग्य जागा

"दुसऱ्यांदा?" मानांग लुदिंगनं हातातला डाव भातात तसाच उभा खुपसला. "अरे, वीस वर्षं जीपनी चालवलीस ना तू इलोइलोत? आणि इथे विनिपेगच्या मोकळ्या रस्त्यावर एक साधी व्हॅन चालवता येईना?"

"चालवता येते गं," हेरनानी पालमारेस खाली मान घालून म्हणाला. "नको तिथे थांबते, एवढंच."

मानांग म्हणजे ताई; लुदिंग ही त्याची थोरली मामेबहीण. त्याला कॅनडात आणणारी तीच, तळघरातली खोली देणारीही तीच आणि परीक्षेसाठी स्वतःची व्हॅन देणारीही तीच. त्यामुळे बोलण्याचा हक्क तिच्याकडे राखून होता आणि ती तो रोज बजावायची.

हेरनानीचा खरंच इलाज नव्हता. इलोइलोत, म्हणजे फिलिपिन्समधल्या त्याच्या गावी, जीपनीला, त्या वडापसारख्या लांब जीपला, घंटी नसते. ज्याला उतरायचं तो छताच्या दांडीवर नाण्यानं ठकठक करतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. त्यात डोक्याचा काही संबंध येत नाही. कानातून निघालेली नस थेट उजव्या पायात उतरलेली असते. पहिल्या परीक्षेत त्यानं फुटपाथवरच्या प्रत्येक माणसाला 'येताय का' अशा अर्थी हॉर्न दिला होता, म्हणून नापास. दुसऱ्या परीक्षेत हॉर्नला बोटसुद्धा लावलं नाही. पण परीक्षक बाईंनी विचार करता करता पेन हातातल्या कागद अडकवायच्या पाटीवर दोनदा आपटलं, ठक ठक, आणि यानं भर चौकात गाडी उभी केली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बाई उतरेनात म्हणून त्यानं त्यांच्याकडे वळून नम्रपणे म्हटलं, "सावकाश उतरा, मॅडम."

एरवी हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण हेरनानीचं सगळं आयुष्य त्या लायसन्सवर येऊन अडकलं होतं. तो ज्या बेकरीत कणीक मळायचा तिचे मालक, म्हातारे कुश्निर, त्याला पावाच्या व्हॅनवर कायमची नोकरी द्यायला तयार होते. कायम नोकरीचं पत्र मिळालं की पीआरचा, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज पुढे सरकणार होता. पीआर झालं की बायको एल्मा आणि लेक इकडे येणार होत्या. आणि कुश्निरनी काल पीठ झटकत सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत लायसन्स दाखव बाबा. त्यानंतर मी दुसरा माणूस बघणार. पाव थांबत नाहीत."

तिसरी परीक्षा गुरुवारी होती.

"तुझा पाय बरा करायला पाहिजे," मानांग लुदिंगनं निदान केलं आणि उपचारही स्वतःच सुरू केले. त्या संध्याकाळपासून हेरनानी व्हॅन चालवायचा आणि ती शेजारी बसून चमच्यानं जे सापडेल ते वाजवायची. डॅशबोर्ड, काच, स्वतःचा डबा, एकदा तर हेरनानीचं डोकं. पाय ब्रेककडे गेला की ती ओरडायची, "कोण उतरतंय? कोणी उतरतंय का? मग चल पुढे!" पहिल्या दिवशी व्हॅन उचकी लागल्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी जरा बरी. बुधवारी मानांगनं दोन चमच्यांनी नुसता ताशा वाजवला, तरी हेरनानी सरळ समोर बघत तसाच पुढे गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता तुझ्या गाडीत खून झाला तरी तू थांबणार नाहीस," ती अभिमानानं म्हणाली.

गुरुवारी थंडी उणे बत्तीस होती. हेरनानीनं दोन स्वेटर, त्यावर मानांगच्या नवऱ्याचा कोट असा सगळा ऐवज अंगावर चढवला होता. ऑफिसच्या दारातून परीक्षक बाई आल्या. त्याच होत्या. थोरलाक्सन बाई. उंच, करड्या केसांच्या, आणि हसण्याचा खर्च फार जपून करणाऱ्या.

"पुन्हा आपणच," त्या पट्टा लावत म्हणाल्या.

"हो मॅडम. माफ करा मॅडम."

"माफी कसली मागता? अजून काही केलं नाहीये तुम्ही."

आणि खरोखरच त्यानं काही केलं नाही. सिग्नलला थांबला, निघाला. बर्फावर गाडी अशी हलक्या हातानं वळवली की बाईंनी पाटीवरून नजर वर केली. मग त्यांना काहीतरी लिहायचं सुचलं आणि पेन वाजलं. ठक ठक. हेरनानीच्या कपाळावर घाम आला, पण पाय जागचा हलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना मागच्या वेळचं आठवलं असावं, कारण त्यांच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला.

"छान. आता पुढे उजव्या बाजूला योग्य जागा बघून गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

योग्य जागा! जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरला हे सोपं वाटेल. पण वीस वर्षं जीपनी चालवलेल्या माणसाच्या लेखी थांबायची योग्य जागा म्हणजे जिथे माणसं हात करून उभी असतात ती. आणि समोर, बसथांब्याच्या खांबापाशी, तीन बायका हात करून उभ्या होत्या. हेरनानीनं इशारा दिवा लावला, आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं आणि फुटपाथला अगदी हातभर अंतर ठेवून व्हॅन त्यांच्या पुढ्यात अलगद उभी केली. असं सुंदर थांबणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

"हा बसथांबा आहे," थोरलाक्सन बाई म्हणाल्या. मग त्यांनी काच पुसून नीट पाहिलं. खांबावरच्या पाटीला पिशवी घातलेली होती. पुढचा रस्ता खोदल्यामुळे हा थांबा या आठवड्यापुरता बंद होता. "बरं. सध्या नाही. म्हणजे चूक धरता येत नाही."

थांबा बंद आहे हे त्या तीन बायकांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांतली सर्वांत बुटकी आणि सर्वांत म्हातारी काचेवर येऊन ठोठावू लागली. डोळे सोडून तिचं सगळं तोंड मफलरमध्ये होतं. 'ही बस नाही' एवढंच सांगण्यासाठी थोरलाक्सन बाईंनी काच खाली केली, तर त्या फटीतून गरम शेवयांची, पानसितची, भलीमोठी परात आत आली.

"धर गं इंदाय, चटका बसेल, खालून धर," म्हातारी म्हणाली. इंदाय म्हणजे पोरी. थोरलाक्सन बाईंना कुणी 'पोरी' म्हणून हाक मारून निदान चाळीस वर्षं झाली असतील. त्यांनी परात धरली. "आणि ते मागचं दार उघड बाई, गोठलंय ते. माझी बोटं गळून पडतील आता."

"हे पाहा, ही परीक्षेची गाडी..."

"हो हो, गाडी कुणाचीही असू दे. दार उघड."

उणे बत्तीसमध्ये म्हाताऱ्या बाईला रस्त्यावर ठेवणारा माणूस विनिपेगमध्ये अजून जन्माला यायचाय. थोरलाक्सन बाईंनी परात मांडीवर सावरली, मागे वाकून दाराला दोन धक्के दिले आणि ते उघडलं. तिघी चढल्या. हेरनानी समोर बघत बसला होता. शुक्रवार, कुश्निर, पत्र, एल्मा, सगळं डोळ्यांसमोरून ओळीनं निघून चाललं होतं.

"चर्चला सोड तोतो, सोड बाळा," म्हातारी म्हणाली. ही नानाय पासिंग; नानाय म्हणजे आई. "बारसं आहे. आम्ही गाणाऱ्या. गाणाऱ्याच नसल्या तर पोराला नाव कसं ठेवणार?"

"मॅडम?" हेरनानीनं रडवेल्या आवाजात विचारलं.

थोरलाक्सन बाईंनी घड्याळ पाहिलं, परातीकडे पाहिलं. "चर्च कुठे आहे?"

"दोन चौक पुढे."

"चला मग. नीट चालवा."

झालं, आता नापासच, हेरनानीच्या मनानं घेतलं. आणि गंमत अशी की नापास झालोच आहोत म्हटल्यावर त्याचे खांदे सैल झाले. गाडी लोण्यासारखी चालू लागली.

मागून एक हात पुढे आला. "भाडं घे तोतो. तिघींचं."

"नको नानाय."

"नको कसं? फुकट बसलेलं मला खपत नाही. घे!"

"नानाय, मला दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवावे लागतात. परीक्षा चालू आहे माझी."

"मग ही बसलीये ना पुढे? घे गं इंदाय. आणि यातले सुटे परत दे, तेरेसीताला."

थोरलाक्सन बाईंनी आजवर शेकडो लोकांना पास-नापास केलं होतं. त्यांनी नोट घेतली. कोटाच्या खिशातून स्वतःचे सुटे काढले, परात गुडघ्यांनी दाबून धरली आणि हिशेब करू लागल्या. "अगं पटपट," मागून तेरेसीता म्हणाली. "चर्च येईल ना तोवर!"

"परीक्षा?" नानाय पासिंगच्या आता लक्षात आलं. "कसली परीक्षा? लायसन्सची? आणि परीक्षा घेणारे साहेब कुठायत?"

"त्या काय, पुढे बसल्यात. सुटे देतायत," हेरनानी म्हणाला.

 तिघी एकदम सुरू झाल्या. पास कर गं त्याला. पोरगा गुणी दिसतो. बायको कुठेय रे? इलोइलोत? आणि लेक? अगं बाई, लेकसुद्धा तिकडेच! ऐकलंस का इंदाय? तुला किती मुलं? दोन? जवळ राहतात? नाही? बघ, म्हणजे तुला कळतंय. तिसरी बाई एव्हाना जपमाळ काढून मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली होती. थोरलाक्सन बाईंनी चार वेळा तोंड उघडलं, पण शब्द घालायला जागा मिळाली नाही.

"आलं आलं, थांबव," म्हणत नानाय पासिंगनं नाण्यानं खिडकीच्या कडेवर वाजवलं. ठक ठक.

हेरनानी सरळ समोर बघत पुढे गेला.

ठक ठक ठक! "अरे तोतो, चर्च!"

हेरनानीचा जबडा आवळला गेला. तीन दिवसांचा चमच्यांचा मार काही वाया गेला नव्हता. चर्चचं फाटक मागे पडलं. तिघी मिळून खिडक्या, सीट, छत, सगळं बडवू लागल्या. जपमाळवाली प्रार्थना सोडून किंचाळली.

"अरे थांबत का नाहीस?"

"नाही थांबणार नानाय! मागच्या वेळी याच्यापायीच नापास झालो! मॅडमनी सांगितल्याशिवाय मी ब्रेक लावणार नाही!"

"अगं मग सांग ना त्याला!" नानाय पासिंगनं थोरलाक्सन बाईंचा खांदा गदागदा हलवला.

आणि थोरलाक्सन बाई, परात एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं दार बडवत ओरडल्या, "अहो थांबवा, थांबवा! उतरणारी माणसं आहेत!"

इशारा, आरसा, मान, फुटपाथ. हातभर अंतर. तिघी उतरल्या. परात मागून गेली. जाता जाता नानाय पासिंगनं खिडकीतून हात घालून बाईंचा गाल कुरवाळला आणि कागदात गुंडाळलेल्या थोड्या शेवया त्यांच्या हातात कोंबल्या.

दोघं ऑफिसशी परतली. हेरनानीनं गाडी उभी केली आणि किल्ली काढली.

"कळलं मला मॅडम," तो म्हणाला. "पुन्हा कधी यायचं तेवढं सांगा. मात्र उद्या शुक्रवार आहे, म्हणजे... जाऊ दे."  आतापर्यंत तो रडला नव्हता, पण आता त्याला राहवेना. दीड वर्षात लेकीला त्यानं फक्त फोनमध्ये पाहिलं होतं.

थोरलाक्सन बाईंनी पाटीवरचा कागद सरळ केला.

"पालमारेस, परीक्षेत गाडीत दुसऱ्या माणसांना घ्यायला बंदी आहे."

"हो मॅडम."

"ती माणसं गाडीत होती असं मी लिहिलं, तर दार कुणी उघडलं हेही लिहावं लागेल."

हेरनानीनं नाक पुसता पुसता हात थांबवला.

"आणि भाडं कुणी गोळा केलं, हेही." त्यांनी पेन उचललं. "शिवाय परीक्षा संपली असं मी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मला म्हणू दिलं का कुणी? म्हणजे ती चालूच होती. बर्फाचा रस्ता, मागे तीन बायका बोंबलतायत, एक प्रार्थना म्हणतेय, आणि तुमचा हात एकदाही सुटला नाही. वीस वर्षांत अशी परीक्षा मी कुणाची घेतली नाही, आणि घेणारही नाही." त्यांनी सही केली. "पास."

 हेरनानीनं त्यांचा हात धरून कपाळाला लावला, जसा तो आपल्या आईचा लावायचा. थोरलाक्सन बाईंनी हात मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कुश्निरनी लायसन्स उजेडात धरून पाहिलं, 'हं' म्हणाले आणि पिठाच्या हातानं पत्रावर सही केली. संध्याकाळी हेरनानीनं इलोइलोला फोन लावला. तिकडे शनिवारची सकाळ होती, लेक बाजारात जायला वेण्या घालून घेत होती. पत्र त्यानं कॅमेऱ्यासमोर धरलं. एल्मानं ते अक्षरन् अक्षर वाचलं आणि कंगवा खाली ठेवून ओंजळीत तोंड लपवलं. लेक मध्येच म्हणाली, "बाबा, तिकडे मला स्वेटर लागेल ना?" तेव्हा दोघंही हसायला लागली.

"आणि ती बाई?" एल्मानं डोळे पुसत विचारलं. "परीक्षा घेणारी? फार कडक होती म्हणाला होतास ना?"

"नाही गं, भली बाई आहे," हेरनानी म्हणाला. "फक्त सुटे द्यायला जरा वेळ लावते."